सोलिकिनच्या खिशातलं पेन

मस्लिकाच्या मनात पाल चुकचुकली ती धुण्याच्या दगडावर. नवऱ्याचा शर्ट पाण्यात टाकण्याआधी ती खिसे चाचपत होती, तेवढ्यात वास आला. पिकल्या आंब्याचा. आंब्यामागं आणखी काहीतरी गारसर, पुदिन्यासारखं. तिनं शर्ट नाकाला लावला, परत लावला, आणि मग तो न भिजवताच बाजूला ठेवून दिला.

सोलिकिनच्या अंगाला लवंगेचा वास यायचा. लग्न झाल्यापासून हाच. घाम असो, साबण असो, ईदची नवी कापडं असोत, खाली लवंग असायचीच. कुदुस गावातल्या निम्म्या पुरुषांच्या अंगाला तो वास येतो आणि त्यात कुणाला काही वाटत नाही. मस्लिका स्वतः क्रेतेक वळायची. तंबाखूत लवंगेचा चुरा घालून केलेली ही सिगारेट आता यंत्रावरही होते, पण जुनी गिऱ्हाइकं हातची मागतात, म्हणून तिच्यासारख्या बायका कारखान्याच्या लांबच लांब शेडमध्ये सकाळपासून बाकांवर बसतात. लाकडी साच्यात कागद, त्यावर चिमूटभर तंबाखू, दांडा ओढला की सिगारेट बाहेर. शेजारी बसलेली जोडीदारीण कात्रीनं टोकं छाटते. मस्लिकाची जोडीदारीण जुवारिया. हातापेक्षा तिची जीभ जास्त चालायची, आणि हात काही कमी चालत नव्हते.

सोलिकिन तरुणपणी त्याच कारखान्यात लवंगेची पोती उतरवायचा. वाकडीतिकडी झालेली सिगारेट विकायला जात नाही, ती कामगारांना घरी न्यायला मिळते. पोरींच्या घोळक्यात येऊन त्यानं नेमकी मस्लिकाकडं मागितली होती. "दुकानातली नको," म्हणाला होता, "तुझ्या हातची वाकडी असली तरी चालेल." पुढं तो कौलांच्या भट्टीवर टेम्पो चालवायला लागला, रोज देमाकवरून सेमारांगला आणि परत. पण सिगारेट बायकोच्याच हातची. आठवडा संपला की ती घरी आणून बिस्किटाच्या डब्यात भरायची आणि आठवड्याभरात डबा रिकामा व्हायचा. लोक चेष्टा करायचे. मस्लिकाला ती चेष्टा आवडायची.

त्या दिवशी तिनं हात पुसले, आत जाऊन डबा उघडला. डबा झाकणापर्यंत गच्च भरलेला.

म्हणजे हा आपल्या हातची ओढत नाही. मग कुणाच्या हातची?

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये तिनं जुवारियाला सांगायचं नाही असं ठरवलं आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं.

"आंबा खाल्ला असेल," जुवारिया म्हणाली.

"आत्ता कुठले आंबे?"

"मग कुणीतरी खाऊ घातला असेल." जुवारियानं कात्री चालवली. "देमाकच्या रस्त्यावर जेवणाच्या टपऱ्या थोड्या आहेत का? एकेकीच्या हाताला काय काय वास असतात."

"त्याचं वय बघ."

"वय बघून कुणी थांबलंय का आजवर? माझ्या मावसबहिणीचा नवरा बघ. नातवंडाच्या बारशाचं निमंत्रण द्यायला गेला तो तिकडंच राहिला."

त्या दिवशी मस्लिकाच्या हातून वाकड्या सिगारेटी जरा जास्तच झाल्या.

आता तिचं लक्ष लागलं. आणि एकदा लक्ष लागलं की साधी गोष्टही साधी दिसत नाही. सोलिकिन जेवण झालं की परसात विहिरीपाशी जायचा आणि लगेच परत यायचा. सिगारेट ओढायला माणसाला एवढा थोडा वेळ पुरत नाही. रक्षापात्र कोरडं. काडेपेटी चुलीजवळून हलत नव्हती. फोनची वायर भिंतीला लावलेली, पण फोन तर त्याच्या हातात. मग वायरीच्या टोकाला काय होतं? ती जवळ गेली की तो आधी उठून वायर काढायचा. सगळ्यात विचित्र म्हणजे त्याचा सकाळचा खोकला कमी झाला होता. इतकी वर्षं त्या खोकल्यानं तिला जाग यायची. आता तो नाही म्हणून तिला जाग यायला लागली. बाईमाणसासाठी पुरुष दाढी करतो, नवा शर्ट घेतो, हे तिला ठाऊक होतं. खोकला सोडतो हे नव्हतं ठाऊक.

"तब्येत बरी दिसते तुमची," ती एकदा म्हणाली.

"हवा बदलली," सोलिकिन म्हणाला.

"कुठली?"

"इथलीच गं. हवा म्हणजे हवा." आणि तो टेम्पो पुसायला बाहेर गेला. टेम्पो तर त्यानं नुकताच पुसला होता.

शुक्रवारी नमाजानंतर तो भट्टीच्या कचेरीत जातो म्हणून निघाला. जुवारिया आधीच गल्लीच्या तोंडाशी स्कूटर घेऊन उभी होती. मस्लिकानं ओढणी तोंडावर ओढून घेतली आणि मागं बसली. तिला स्वतःची लाज वाटत होती. जुवारियाला अजिबात वाटत नव्हती.

सोलिकिनची मोटरसायकल भट्टीकडं वळलीच नाही. बसस्थानकामागच्या रस्त्यानं जाऊन ती एका काचेच्या दारापुढं थांबली. आत निळा दिवा, फळ्यांवर रंगीत बाटल्या, आणि गल्ल्यावर लाल ओठांची एक मुलगी. सोलिकिन आत गेला तशी ती हसली. त्यानं काहीतरी विचारलं, ती परत हसली आणि एक बाटली उघडून त्याच्या नाकापुढं धरली.

"बघ," जुवारिया म्हणाली. "तुझा आंबा."

थोड्या वेळानं तो बाहेर आला, इकडंतिकडं बघितलं, खिशातून बोटाएवढी काळी काडी काढून ओठांना लावली. आणि त्याच्या तोंडातून पांढऱ्या ढगाचा एवढा मोठा लोट निघाला की क्षणभर त्याचं डोकंच दिसेना.

"अगं, हे तर व्हेप आहे," जुवारिया म्हणाली. तिच्या आवाजात बऱ्यापैकी निराशा होती. "माझा भाचा ओढतो. आत पाणी असतं, विजेवर तापतं."

मस्लिका दुकानाच्या पाटीकडं बघत होती. पाटीवर नाव होतं फातोनीचं. फातोनी म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. लग्नात ज्याच्या मांडवाला हिनं स्वतः तोरण लावलं तो. तो दुकान काढतोय हे कानावर होतं, पण मोबाईलच्या वस्तूंचं असं बहिणीनं सांगितलं होतं. म्हणजे बहिणीलाही माहीत होतं. सगळ्या घराला माहीत होतं, आणि अळीमिळी गुपचिळी.

दुसरी बाई नव्हती, तेव्हा खरं तर जीव भांड्यात पडायला हवा होता. तसं झालं नाही. बाईचं तिला कळलं असतं. या काडीचं काय करायचं ते कळेना.

रविवारी सोलिकिन अंघोळीला गेल्यावर तिनं ती काडी त्याच्या खिशातून काढून घेतली. तो आला, शर्ट घातला, खिसा चाचपला. मग उशीखाली बघितलं, मोटरसायकलच्या सीटखाली बघितलं, कोंबड्यांच्या खुराड्यापर्यंत जाऊन आला.

"काय शोधताय?"

"काही नाही. टेम्पोची किल्ली."

"किल्ली खिळ्याला आहे."

"हो का," तो म्हणाला, आणि किल्लीकडं असं बघत राहिला की जणू तिनंच घात केला.

मस्लिका तडक फातोनीच्या दुकानात गेली. फातोनी बाहेर गेला होता. लाल ओठांच्या मुलीचं नाव विल्दा. जवळून बघितलं तर ती अगदीच पोरसवदा, मस्लिकाच्या धाकट्या मुलीपेक्षाही लहान. मस्लिकानं ओळख दिली नाही.

"मला असलं एक बघायचंय," ती म्हणाली आणि काडी काचेवर ठेवली.

विल्दानं वडीलधाऱ्या बाईला म्हणतात तसं 'बू' म्हणत विचारलं, "तुम्ही सिगारेट ओढता का, बू?"

"ओढत नाही. वळते."

"मग तुमच्यासाठी नाही हे. जे आधीपासून ओढतात त्यांच्यासाठी आहे. यात निकोटीन असतं, न ओढणाऱ्याला उगाच सवय लागेल."

गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुकान मस्लिकानं जन्मात पाहिलं नव्हतं. तिला ही काहीतरी नवी चलाखी वाटली. "मला घ्यायचं नाही," ती म्हणाली. "यात काय काय आहे ते कळू दे."

विल्दानं ती काडी उघडून दाखवली; दुकानात तिला पेन म्हणत. हे सगळ्यात साधं. खालच्या भागात बॅटरी, वायर लावून चार्ज करायची. वर छोटी टाकी, संपली की इथून बाटलीनं भरायची. आत ही कॉइल, म्हणजे तार आणि कापूस. बटण दाबलं की तार तापते आणि लिक्विडची वाफ होते. रंगीत दिवे नाहीत, पडदा नाही, बिघडायला फारसं काही नाही. कॉइल मात्र जळते, मग बदलावी लागते.

"जळली की काय होतं?"

"चव कडू येते. ओढवत नाही."

"आणि लिक्विडमध्ये?"

"निकोटीन, वास, आणि वाफ होण्यासाठी दोन पदार्थ. बाटलीवर लिहिलंय. कराचा शिक्का बघून घ्यायचा. बिनशिक्क्याचं आम्ही ठेवत नाही."

"म्हणजे औषध आहे का हे?"

"नाही, बू. औषध नाही. सिगारेट जळते, हे जळत नाही, एवढाच फरक. निर्धोक आहे असं मी कुणाला सांगत नाही. मालकांनीच बजावलंय, खोटं सांगायचं नाही."

मस्लिकाला एकाही उत्तरात बोट शिरवायला फट सापडेना, आणि त्यामुळं तिचा संशय आणखीच वाढला. शेवटी तिनं विचारलं, "एक मिशीवाले येतात ना इथं? कौलांचा टेम्पो चालवतात."

"ते काका?" विल्दा हसू लागली. "त्यांना लवंगेच्या चवीचं हवं होतं. दिलं, तर म्हणतात ही लवंग नाही, दातांच्या डॉक्टरच्या खोलीचा वास आहे. मग सगळ्या बाटल्या हुंगल्या आणि आंबा घेतला. दर वेळी एकच विचारतात, कपड्यांना वास राहतो का? मी म्हणते, राहत नाही."

"राहतो," मस्लिका म्हणाली आणि पेन उचलून निघाली.

त्या संध्याकाळी तिनं भात वाढला, सोयाबीनचं टेम्पे वाढलं, मिरचीची चटणी वाढली, आणि चटईवर त्याच्या ताटलीशेजारी एका बाजूला बिस्किटाचा डबा ठेवला, दुसऱ्या बाजूला पेन. सोलिकिननं दोन्हींकडं बघितलं. घास हातातच राहिला.

"जेवा," ती म्हणाली. "जेवताना बोला."

त्यानं सांगितलं ते तुटक तुटक. पावसाळ्याआधी देमाकच्या पुलावर त्याला खोकल्याची उबळ आली होती. डोळ्यांपुढं अंधारी आली, स्टिअरिंग सुटलं आणि टेम्पो कठड्याला घासत गेला. पलीकडून शाळेच्या पोरींची रिक्षा येत होती. थोडक्यात वाचली. त्यानं टेम्पो बाजूला घेतला आणि मागं कौलांच्या ढिगाला टेकून बसून राहिला. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सिगारेट आजच्या आज बंद. त्यानं बंद केली, आणि तिसऱ्या दिवशी भट्टीच्या मालकाशी मारामारी करता करता राहिला. फातोनीला कुठून तरी कळलं. तो हे पेन घेऊन आला.

"पुलाचं मला का नाही सांगितलं?"

"तू घाबरली असतीस."

"आणि पेनाचं?"

सोलिकिननं डब्याचं झाकण उगाच दाबून बघितलं. मग म्हणाला, "तू दिवसभर बसून वळतेस. त्यावर पोरींची शाळा झाली, हे छप्पर झालं. आणि मी तुला सांगू, तुझ्या हातची मला आता नको? कुठल्या तोंडानं सांगू?"

त्याला वाटलं ती रडेल. ती चिडली.

"मी काय तुमच्यावरच्या प्रेमापोटी वळते का ते? पगारासाठी वळते. तुम्ही मेलात तर डबा कुणापुढं ठेवू? थडग्यावर?" तिनं डबा उचलून बाजूला आपटला. "पुलावर जीव जाता जाता राहिला आणि तुम्ही माझी समजूत काढत बसलात. मी एवढी खुळी आहे असं वाटलं तुम्हाला. त्याचा राग येतोय मला."

तो जेवला. तीही जेवली.

पण नवऱ्याला माफ केलं म्हणून मस्लिकानं पेनाला माफ केलं नाही. आंब्याचा वास घेऊन घरात शिरलेल्या वस्तूवर तिचा विश्वास बसणार नव्हता. तिनं पांढऱ्या रुमालाचे दोन तुकडे केले. एकातून सोलिकिनला क्रेतेकचा धूर फुंकायला लावला, दुसऱ्यातून पेनाची वाफ. पहिल्यावर पिवळाधमक डाग पडला. दुसरा नुसताच ओलसर झाला, उन्हात धरला तरी काही दिसेना.

"झालं समाधान?" सोलिकिननं विचारलं.

"डाग दिसतो त्याची निदान ओळख तरी पटते," ती म्हणाली. "दिसतच नाही त्याचं काय करायचं?"

तिनं अट घातली. पेन ओढायचं तर पेनच. मध्ये एक जरी सिगारेट ओढली तर पेन विहिरीत. सोलिकिननं मान डोलावली. आठवड्याच्या शेवटी मिळणाऱ्या वाकड्या सिगारेटी ती आता जुवारियाला देऊ लागली. जुवारियाचा नवरा खूश झाला, जुवारिया मात्र टोमणे मारायची. "घरात शत्रू पाळलाय बाईनं. उद्या सगळेच ती काडी चोखायला लागले की आपण काय चिंचा वळायच्या?" आजूबाजूच्या बायका हसायच्या, पण पुरतं कुणी हसत नव्हतं. मस्लिकालाही ते लागायचं, कारण ही भीती तिच्याही पोटात होती.

अशात एकदा सोलिकिन सेमारांगहून परतला आणि दारात त्यानं पाय ठेवताच तिला लवंगेचा वास आला. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी तिनं हात पुढं केला.

"पेन द्या."

त्यानं दिलं, आणि आपणहून सगळं बोलला. सेमारांगला माल उतरवताना कॉइल जळली. ओढलं की गादी जळाल्यासारखी चव. जवळ दुसरी नव्हती. दुकानं सापडली ती असली भारी यंत्रं विकणारी, या साध्या पेनाची कॉइल कुणाकडं नाही. दुसऱ्या ड्रायव्हरनं सिगारेट पुढं केली, हात गेला. नवी कॉइल आणली तरी दिवसातून एकदोन सुटेनात.

"म्हणजे दोन्ही चालू."

"दोन्ही."

पेन विहिरीत टाकायला ती परसापर्यंत गेली. काठावर उभी राहिली. पाण्यात बघितलं. तिला पुलाचा कठडा आठवला, जो तिनं पाहिलाही नव्हता. ती परत आली, पेन फळीवर ठेवलं आणि म्हणाली, "उद्या दवाखान्यात मी येते बरोबर."

डॉक्टरीणबाईंनी सोलिकिनच्या छातीला नळी लावली आणि मस्लिकाचं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, दोन्ही चालू ठेवण्यात काही अर्थ नाही, एक सिगारेटही वाईटच. सिगारेट पूर्ण सुटत असेल तर पेन त्याहून बरं, पण तेही कायमचं नको. निकोटीन कमी कमी करत आणा आणि मग तेही सोडा. वीस वर्षांनी त्यानं काय होतं ते आज कुणालाच नक्की माहीत नाही.

"मी हेच म्हणत होते," मस्लिका नवऱ्याला म्हणाली. तिनं तसं कधी म्हटलं नव्हतं. पण तिचा संशय डॉक्टरांनाही आहे हे ऐकून तिला फार बरं वाटलं.

तिथून ती फातोनीकडं गेली आणि या वेळी ओळख देऊन गेली. फातोनी गल्ल्यामागून उठून उभाच राहिला.

"बुलिक," मावशीला तो असंच म्हणायचा, "मी काकांच्या भल्यासाठीच..."

"भलं करायचं होतं तर सुटी कॉइल बरोबर का नाही दिलीस? साधं आहे, साधं आहे म्हणून माणसाला अर्ध्या रस्त्यात सोडायचं? आणि तुझी आई मला मोबाईलचं दुकान सांगते."

"आईला भीती वाटली, तुम्ही बोलणं टाकाल."

"टाकणारच होते. आता नाही टाकत. बस खाली, कॉइल कशी बदलतात ते दाखव."

त्यानं दाखवली. सोलिकिनच्या जाड बोटांना ते जमेना, निम्मं लिक्विड बोटांवरच सांडायचं. तेव्हा ते काम मस्लिकाच करू लागली. नवी कॉइल लिक्विडमध्ये भिजू द्यायची, लगेच ओढायचं नाही, हेही तिच्या लक्षात राहिलं. टेम्पोत उन्हानं पेन गळतं हे तिला सगळ्यात आधी कळलं, आणि तिनं ते फातोनीला असं सुनावलं जणू त्यानंच भोक पाडलं होतं. फातोनी मग गिऱ्हाइकांना सांगू लागला, गाडीत उन्हात ठेवू नका.

कोरडा हंगाम सरला तेव्हा सोलिकिन सगळ्यात कमी निकोटीनच्या बाटलीवर आला होता. तो कुरकुरायचा की याला चव नाही, नुसती हवा आहे. सिगारेट मात्र सुटली होती. निदान घरात आणि टेम्पोत तरी. सेमारांगच्या गोदामात काय चालतं हे मस्लिकाला दिसत नव्हतं, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर तिचा विश्वास नव्हता. अधूनमधून ती त्या दुसऱ्या ड्रायव्हरच्या बायकोला फोन करून इकडच्या तिकडच्या गप्पा मारायची. सोलिकिनला ते ठाऊक होतं. तो कानाडोळा करायचा.

एके दिवशी शेडमध्ये सुट्टीची घंटा झाली, बायका उठल्या, पण जुवारिया बसूनच राहिली. कात्री पुसत होती, पुसलेलीच परत पुसत होती.

"उठायचं नाही का?" मस्लिकानं विचारलं.

"आमच्याकडं रात्रभर खोकतात," जुवारिया म्हणाली. तिच्या आवाजात टोमण्याचा मागमूस नव्हता. "काल रुमालावर लाल दिसलं. ते म्हणतात पान खाल्लं होतं. पान खात नाहीत ते."

मस्लिका परत बाकावर बसली.

"तुझ्या त्यांचं ते पेन," जुवारिया म्हणाली, "चांगलं आहे का गं? खरं सांग."

"चांगलं आहे असं मी म्हणणार नाही," मस्लिका म्हणाली. "सिगारेटपेक्षा बरं असेल. पण लाल दिसलंय तिथं पेनाचं नाव काढू नकोस. आधी दवाखाना."

"ते येणार नाहीत."

"येतील. आपण दोघी नेऊ. स्कूटर आणली आहेस ना?"

जुवारियानं मान डोलावली. दोघींनी अंगावरचा तंबाखू झटकला आणि त्या फाटकाकडं चालू लागल्या.